राहिलेला एक लाँग

सर, आपल्या सिरिंज पंपाला नवीन बोर्ड येतोय. जुना बाजारात मिळेनासा झाला. नवीन बोर्ड चौसष्ट बिटचा आहे, आणि त्याच्या हेडरवर शेवटची सही माझी व्हायची होती. सही करून मी या महिन्यात इथून निघणार होते. के. आर. पुरमच्या पुढे एका मोठ्या ऑफिसात जागा मिळाली होती. निपाणीला आईला सांगूनही झालं होतं. यशवंतपूरची ही खोली, बाहेर गोडाऊनची भिंत आल्यापासून न उघडणारी खिडकी, आणि कुठल्याशा गावच्या दवाखान्यातून येणारे फोन, सगळं सुटणार होतं.

मी इथे आले तेव्हा मला सी भाषा येत होती, एवढंच. पहिल्याच आठवड्यात तुम्ही समजावून सांगितलंत की मोटर हलवणारा ड्रायव्हर कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, आत असतो, नर्सला आकडे दाखवणारा पडद्याचा प्रोग्राम बाहेर असतो, आणि दोघांना एकमेकांचं काही कळत नाही. दोघांमध्ये कबूल झालेली एकच गोष्ट असते, कोणता आकडा कोणत्या जागी आणि किती बाइटचा. तेच हेडर. मी पहिलं हेडर लिहून आणलं आणि त्यात लाँग घातला होता, मशीनप्रमाणे लहानमोठा होणारा आकडा. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात.

"हा किती बाइटचा?"

"चार, सर."

"कुणी सांगितलं?"

"माझ्या मशीनवर बघितलं."

"मग तुझं मशीनच घेऊन जा की दवाखान्यात. पेशंटच्या उशाशी ठेव."

सगळे हसले. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. मग तुम्ही आवाज खाली आणून म्हणालात, "चार बाइटचा पाहिजे तर बत्तीस बिट लिही, आठचा पाहिजे तर चौसष्ट. दोन्ही बाजूंना वाचताना एकच कळलं पाहिजे. मेमरीतला पत्ता द्यायचा असला तरी तो चौसष्टच्या जागेत घालून दे, पॉइंटर तसाच उघडा देऊ नको."

दुसऱ्या दिवशी तुम्ही घरून अंड्यांचा ट्रे आणि शर्टाची बटणं घेऊन आलात. एक खळगा म्हणजे एक बाइट. साहेबांनी दारातूनच नाकाला रुमाल लावला. "हे काय आणलंय ऑफिसात?" तुम्ही म्हणालात, "रिकामा आहे, साहेब. आतलं घरी खाल्लं." मग मला बटणं मांडायला लावलीत. प्रोग्राम बांधणारा कंपायलर आपल्या सोयीनं मध्येच काही खळगे मोकळे सोडतो, ते दाखवलंत. त्या खळग्यांत काय आहे, असं विचारलंत. मी म्हटलं, काही नाही. "असं तुला वाटतंय. आधी कुणी काय ठेवलं होतं, ते असतंय तिथं. कर्नलच्या पोटातलं. न धुतलेल्या ताटात जेवायला वाढतीस काय कुणाला? मोकळ्या जागेलाही नाव दे, शून्य भर, मग बाहेर पाठव." आजही हेडर लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे कागद नसतो, तो ट्रे असतो.

मल्लेश्वरमच्या घरी मी तुमच्या आजारपणात शेवटचं भेटायला आले, त्या दिवशीचं सगळं मी कुणाला सांगितलेलं नाही. तुमच्या घरच्या अक्का औषधं आणायला गेल्या आहेत. तुम्ही ओट्याशी स्टुलावर बसून आलं किसताय, मला किसू देत नाही. हात बारीक झालेत. चहाच्या पातेल्याकडे बघत तुम्ही म्हणता, "आपल्या पहिल्या हेडरात एक लाँग राहिलाय गं, माझा." मला ती थट्टा वाटते, मी हसते. तुम्ही हसत नाही. "तेव्हा इथं सगळंच बत्तीसचं होतं. साहेब दारात, टेम्पो खाली उभा. म्हटलं, जाऊ दे."

"मग आता बदलू या की, सर."

"कुणाचं बदलतीस? गदगच्या दवाखान्यातलं? मिरजेच्या? पडद्याचा प्रोग्राम मंजूर होऊन गेलाय, त्याला हात लावता येत नाही. बाहेर गेलं ते त्यांचं झालं. आता आपणच त्याला धरून बसायचं." मी पुढे काही बोलणार, तेवढ्यात तुम्ही हात वर करता. "स्वल्प तडी, दूध वर आलं."

थांब म्हणालात आणि मी थांबलेच, सर. सुट्टीतही तुम्ही फोन का बंद करत नव्हतात, ते मला त्या दिवशी कळलं. तुम्ही गेल्यावर तो फोन माझ्याकडे आला.

नवीन बोर्डाच्या हेडरमध्ये पडद्याचा प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलांनी तुमचं जुनं हेडर जसंच्या तसं घेतलं, लाँगसकट. त्यांची चूक म्हणवत नाही. नवीन पडदाही चौसष्टचा, त्यामुळे त्यांच्या चाचण्या पास झाल्या. मी सहीच्या आधी नवीन बोर्डाला जुना पडदा जोडून बघितला. दवाखान्यात बोर्ड जळला की टेक्निशियन बोर्ड बदलतो, मंजूर झालेला पडदा तसाच ठेवतो, हे मला फोनवरून माहीत आहे. औषध किती उरलं, तो पहिला आकडा बरोबर आला. तिथेच मी निश्चिंत झाले असते. मग मी नळी बोटांनी दाबून धरली. नळी तुंबली तर पंपानं ओरडायला हवं. पडदा हिरवाच राहिला. ड्रायव्हरच्या बाजूला लाँग आठ बाइटचा झाला होता, जुना पडदा चारच वाचत होता, आणि अलार्मच्या जागी त्याला लाँगचा उरलेला अर्धा भाग मिळत होता. शून्य. म्हणजे सगळं ठीक. पंप बंद पडला असता तरी चाललं असतं. तो चालूच राहिला, आणि मी नळी धरून त्याच्यासमोर उभी होते.

करायचं काय, ते अवघड नव्हतं. लाँगच्या जागी बत्तीसचा आकडा घातला की जुन्या पडद्याला सगळं जागच्या जागी मिळतं. पण मग नवीन पडदा पुन्हा बांधायचा, पुन्हा सगळ्या चाचण्या, पुन्हा मंजुरी. आणि ते करणारं इथे दुसरं कुणी नाही. सही केली तर मी मोकळी होते. नाही केली तर आणखी निदान वर्षभर याच खोलीत.

मीटिंगमध्ये मी हे सांगितलं. पडद्याचा मुलगा म्हणाला, "मॅडम, जुन्या पडद्याचं नंतर बघू ना. आमच्याकडे सगळं पास आहे." साहेबांनी घड्याळ बघितलं. "मॅडम, तुम्ही तर जाताय. जाता जाता कशाला घोळ? सही करा, बाकीचं आम्ही बघतो." मला माहीत होतं, कुणी बघणार नाही. पण "नाही" हा शब्द माझ्या तोंडून निघेना. इतक्या वर्षांत मी साहेबांना नाही म्हटलेलं नाही. मग माझं मलाच ऐकू आलं, "सरांनी मला शेवटच्या भेटीत सांगून ठेवलंय. लाँग असलेलं हेडर पुन्हा बाहेर जाऊ द्यायचं नाही, लागलं तर थांब, पण जाऊ देऊ नको."

साहेबांनी टोपण लावून पेन खिशात ठेवलं. "त्यांनी सांगितलंय तर विषयच संपला. सरी बिडी, राहू दे सही. करा हेडर परत." मग मला म्हणाले, "म्हणजे तुम्ही राहताय." मी मान हलवली.

के. आर. पुरमच्या लोकांना कळवलं. आईला अजून सांगितलेलं नाही. हेडर मात्र झालंय. एकही मोकळी जागा बिननावाची नाही.

सर, हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. शेवटच्या भेटीत तुम्ही असलं काही म्हणाला नव्हतात. कप माझ्या हातात देत तुम्ही म्हणालात, "तू माझ्यासारखी बसून राहू नको. संधी मिळाली की निघ." तुमच्या तोंडी मी नेमकं उलटं घातलं.