पाच दिवसांत सात गावं

६ जानेवारी
मेव्हणा सहकुटुंब परदेश बघून आला. बघून आला म्हणजे काय, एका टूर कंपनीने त्याला पिवळी टोपी घातली, बसमधून फिरवलं आणि परत आणून सोडलं. आज जेवायला बोलावून फोटो दाखवले. प्रत्येक फोटोत पुढे मेव्हणा आणि मागे काहीतरी इमारत. कसली इमारत, असं विचारलं तर म्हणे, भाऊजी, गाइडने सांगितलं होतं हो. अशा माणसाला पासपोर्ट देतातच कसा?
ही मात्र एका फोटोवर अडकून बसली. तळं. काठाला बाकं, मागे डोंगर. बोटांनी मोठं करून करून बघत होती. घरी येताना म्हणाली, अहो, तिथे जाऊन नुसतं बसायला किती छान वाटेल, नाही? सत्तावीस वर्षांच्या संसारात हिने स्वतःहून काही मागितल्याचं मला आठवत नाही. मागितलं असेल तर तेव्हा मी कामात असेन.
संकल्प: हिला परदेश दाखवायचा. सगळं स्वतः आखून. मेव्हण्याच्या निम्म्या खर्चात आणि दुप्पट गावं.

७ जानेवारी, सकाळी
नुसतं बसायला परदेशात कोण जातं? बसायला घरात सोफा आहे.

९ जानेवारी
शाळेचं वेळापत्रक गेली कित्येक वर्षं मी करतो. अठ्ठावीस वर्ग, प्रयोगशाळा एक, पीटीच्या सरांना दुपारी झोप येते, संगीताच्या बाईंना सकाळी आवाज लागत नाही. ही सगळी मंडळी ज्याने एका तक्त्यात कोंबली, त्याला चार-दोन गावं म्हणजे डाव्या हातचा मळ. टूर कंपन्यांना हे जमत नाही, कारण त्यांनी कधी शाळा पाहिलेली नाही.
तत्त्व ठरलं. एक स्थळ म्हणजे शाळेचा एक तास, चाळीस मिनिटांचा. पस्तीस मिनिटं बघायचं, पाच मिनिटं पुढच्या स्थळाकडे चालायचं. दोन स्थळांनंतर छोटी सुट्टी. लघवी सुट्टीतच.

१३ जानेवारी
पाच दिवस, सात गावं, तीन देश. झालं! यातली खरी गंमत हॉटेलात आहे. हॉटेल घ्यायचंच नाही! रात्री बसमध्ये झोपायचं, सकाळी नव्या गावात उतरायचं, स्टँडवर तोंड धुवायचं. प्रवास आणि मुक्काम एकाच तिकिटात. हे अजून कोणाला कसं सुचलं नाही?
हिने विचारलं, तळं आहे ना त्यात? आहे तर. तिसऱ्या दिवशी, बसच्या डाव्या खिडकीतून, सलग अकरा मिनिटं दिसतं. हिची सीट मुद्दाम डावीकडची घेणार आहे. मी हिच्यासाठी काय काय करतो हे हिला कधी कळणार?

१६ जानेवारी
खात्री म्हणून एका ट्रॅव्हल एजंटकडे गेलो. तिकीट घेणार नव्हतोच, फक्त फुकट माहिती काढून घ्यायची होती. काउंटरवर च्युइंगगम चघळणारी एक मुलगी. माझा तक्ता तिने वरून खाली वाचला आणि म्हणाली, काका, यात झोपणार कधी?
अजून दात यायचेत आणि मला काका म्हणते. तिला रात्रीच्या बसचं तत्त्व समजावून सांगितलं. तिने आतल्या साहेबांना बोलावलं आणि तक्ता दाखवला. साहेब हसले. कौतुकाने असावं.

२१ जानेवारी
तिकिटं काढली! फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातली सर्वांत स्वस्त. ‘तारीख व नाव बदलता येणार नाही, पैसे परत मिळणार नाहीत’ असं लाल अक्षरांत आलं. पैसे परत मागायची वेळ मेव्हण्यासारख्यांवर येते.
ही म्हणाली, अहो, त्याच आठवड्यात तुमची सराव परीक्षा असते ना? असते. पण परीक्षा कोण घेतं? मी. माझ्याशिवाय त्या शाळेत साधी घंटा वेळेवर होत नाही. म्हणजे मी म्हणेन तेव्हा परीक्षा. मुख्याध्यापिकाबाईंना एक शब्द टाकला की आठवडाभर पुढे. घाई नाही, सवडीने सांगेन.

२ फेब्रुवारी
स्वस्त विमानात माणशी सात किलोच सामान चालतं. विमान कंपनीला वाटत असेल की आपण फार हुशार. अंगावरच्या कपड्यांचं वजन करत नाहीत हे त्यांच्या ध्यानात आलेलं नाही. तीन शर्ट, दोन पँटी, स्वेटर आणि कोट अंगावर घालून जायचं. हिलाही तसंच सांगितलं. ही म्हणाली, मी दोन साड्या आणि दोन ड्रेस नेईन, त्यात भागेल. कल्पनाशक्तीच नाही.

४ फेब्रुवारी, रविवार
आज हिला बरोबर घेऊन रंगीत तालीम केली. आपल्याच गावात. टॉवरऐवजी पाण्याची टाकी, म्युझियमऐवजी वाचनालय, किल्ल्याऐवजी कोर्ट. सगळे कपडे अंगात, बॅग पाठीवर, हातात स्टॉपवॉच.
टाकी ते वाचनालय वेळेत झालं. वाचनालयाचे जिने चढताना जरा विश्रांती घेतली. (ग्रंथपाल उगाच चक्कर, चक्कर म्हणत होते. कोट त्यांनीच काढला, स्वेटरही त्यांनीच, मग तिसऱ्या शर्टापाशी थांबून म्हणाले, सर, घरी सगळं ठीक आहे ना?) डोळे उघडले तेव्हा ही शेजारी होती, पुस्तकाने मला वारा घालत. मला थोडं बरं वाटताच म्हणाली की आता तुम्ही कोर्ट करून या, मी बागेत बसते.
कोर्ट करून बागेत गेलो. ही पाय वर घेऊन बाकावर बसली होती, शेजारच्या एका अनोळखी बाईशी हसत बोलत होती. हिला इतकं मोकळं हसताना फार दिवसांत पाहिलं नव्हतं. जरा बरं वाटलं, पण वेळापत्रकाच्या दृष्टीने दोन तास बुडाले. परदेशात हे चालणार नाही, असं स्पष्ट बजावलं.

८ फेब्रुवारी
मुख्याध्यापिकाबाईंना शब्द टाकला. परीक्षा पुढे ढकला म्हटलं. म्हणाल्या, सर, ढकलता येत नाही, पुढे लगेच मुख्य परीक्षा आहे, तारखा तुम्हीच जूनमध्ये बसवल्यात. बाई माझ्याहून बारा वर्षांनी लहान, पण खुर्चीत बसल्यावर माणसाला काय काय येत नाही तेच समजेनासं होतं.

९ फेब्रुवारी
नवा मार्ग. परीक्षा राहू दे तिथेच, चार्ज दुसऱ्या कुणाला द्या म्हटलं. बाईंनी विचारलं, कुणाला? मी चित्रकलेच्या सरांचं नाव सुचवलं.
बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, सर, दरवर्षी सभेत तुम्ही आम्हाला काय सांगता? चित्रकलेच्या सरांना वर्गातली डोकी मोजता येत नाहीत. पीटीच्या सरांकडे कपाटाची किल्ली देणं म्हणजे चोराला जावई करणं. संगीताच्या बाई घंटासुद्धा सुरात वाजवायला जातील. शास्त्राच्या सरांविषयी तुम्ही जे बोललात ते मी उच्चारत नाही. नऊ वर्षं ऐकतेय मी हे, आणि तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे. तुमच्याखेरीज इथे लायक माणूस नाही, मग तुम्हाला सोडू कशी?
एकही शब्द खोटा नव्हता. सगळं मी म्हटलेलं होतं, आणि चांगलं म्हटलेलं होतं.

१० फेब्रुवारी
चित्रकलेच्या सरांना स्टाफरूममध्ये गाठून चहा पाजला. आयुष्यात पहिल्यांदाच. म्हटलं, तुमची निरीक्षणशक्ती दांडगी आहे, तुम्ही स्वतः बाईंना सांगा की मी परीक्षा सांभाळतो. सर अगदी नम्रपणे म्हणाले, नको सर, डोक्यांची मोजदाद चुकायची माझ्याकडून. चहा मात्र संपवला. वर बिस्किटं मागितली.

१२ फेब्रुवारी
हिला सांगितलं की यंदा जमत नाही, पुढच्या वर्षी बघू. तिकिटं गेली समजायची. ही भाजी निवडत होती. निवडतच राहिली. मग म्हणाली, माझं तिकीट का जावं? मी जाते.
मी हसलो. ही हसली नाही.

१३ फेब्रुवारी
नीट विचार केला. जाऊ दे एकटी. एक तर पैसे निम्मेच बुडतील. दुसरं, वेळापत्रक इतकं चोख आहे की हिच्यासारख्या साध्या बाईलाही ते पार पाडता येईल, हेच त्याचं यश. मेव्हण्यापुढे हा मुद्दा जोरात मांडता येईल. तक्ता लॅमिनेट करून आणला. एक पर्समध्ये, एक बॅगेत, एक गळ्यात अडकवायला.
रात्री मात्र जरा कसंसंच झालं. ही कधी एकटी दुसऱ्या गावालासुद्धा गेलेली नाही. म्हणजे मीच जाऊ दिलेलं नाही.

२३ फेब्रुवारी
हिला विमानतळावर सोडलं. मेव्हण्याच्या गाडीतून, इलाज नव्हता. अंगावर एकच ड्रेस, खांद्याला एक बॅग. गळ्यातला तक्ता गाडीत विसरली. पळत जाऊन दिला. आत जाताना मागे वळून हात केला. मीही केला, आणि ओरडून सांगितलं, पहिला तास टॉवर! सगळी माणसं बघायला लागली. मेव्हणा म्हणाला, भाऊजी, डोळ्यांत काय गेलं? गाडीचा एसी, दुसरं काय.

२४ फेब्रुवारी
परीक्षा सुरू. मधल्या सुट्टीत फोन लावला. तक्त्याप्रमाणे ही टॉवरवर हवी होती. म्हणाली, तळ्यावर आहे. कुठल्या तळ्यावर? फोटोतल्या. स्टेशनात चौकशी केली, एका गाडीने थेट आली. अकरा मिनिटं खिडकीतून बघायची वस्तू, ती आजच बघून टाकली! ठीक आहे, पहिल्या दिवशी सूट. उद्या दोन गावं एकदम भरून काढील.

२५ फेब्रुवारी
अजून तिथेच. खोली घेतली म्हणते. खोली! पैसे देऊन! मी रात्रीच्या बसची आठवण करून दिली, तर म्हणाली की हो, रात्री खिडकीतून बघितली, रिकामीच गेली बिचारी. खोलीची मालकीण म्हातारी आहे आणि दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. मग बोलता काय, असं विचारलं. म्हणाली, बसतो.

२६ फेब्रुवारी
सातही गावं तशीच पडून आहेत. फोनवर तिला पटवत होतो की आज दुपारी निघालीस तरी किल्ला, पूल आणि म्युझियम होतं. शिपाई दोनदा खुणा करून गेला. पेपर सुटायची घंटा माझ्या हातात राहिली, मुलं वीस मिनिटं जास्त लिहीत बसली. शेवटी घंटा कुणी वाजवली असेल तर संगीताच्या बाईंनी. अगदी सपाट वाजवली, सूरबीर काही नाही. मुद्दाम.

२७ फेब्रुवारी
मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावलं. अतिशय गोड बोलल्या. पुढच्या वर्षीपासून परीक्षेचा चार्ज चित्रकलेच्या सरांकडे, तुम्ही आता आराम करा. शाळेचं वाटोळं व्हायला सुरुवात झाली. पण या बिघाडातून एक मोठी सोय झाली, ती बाईंच्या लक्षात आलेली दिसत नाही: पुढच्या फेब्रुवारीत मी मोकळा!

२९ फेब्रुवारी
ही आली. काळवंडली आहे, पण छान दिसते. तक्ता परत आणला, एकही स्थळ खोडलेलं नाही. चहा मीच केला. साखर विसरलो, ही तसाच प्यायली.
मग बातमी दिली. पुढच्या वर्षी परीक्षा नाही, दोघं मिळून जाऊ. आणि मोठ्या मनाने हेही सांगितलं की सात गावं नकोत, चारच करू. वाटल्यास तळ्याला पूर्ण एक तास देऊ. एवढी माघार मी जन्मात कधी घेतलेली नाही.
ही म्हणाली, अहो, पुढच्या फेब्रुवारीची खोली सांगूनच आलेय मी. आजींनी कॅलेंडरवर खूण केली.
म्हटलं, उत्तमच. खोलीत खाटा दोन आहेत ना?
आहेत की, म्हणाली. एकीवर मी झोपते, दुसरीवर बॅग असते.
बॅग खाली ठेवता येईल, असं मी सुचवलं.
ही म्हणाली, बघू.