विटेवरचं शेवाळ

सर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, आणि मी तुमच्यापेक्षा जास्त शिकले, हे आधी सांगून टाकते. नांदेडला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. गेल्या आठवड्यात मुलांना नेच्याचं जीवनचक्र सांगताना तुम्ही आठवलात आणि तोंड कडू झालं.

औशाच्या शाळेत दहावीला तुम्ही आम्हाला विज्ञान शिकवत होतात, म्हणजे खुर्चीत रेलून गाईड वाचून दाखवत होतात. 'नेच्याच्या पानामागे बीजाणू असतात. बीजाणूपासून लहान, हिरवे, हृदयाकृती रोप तयार होते. त्यावर नर व मादी पेशींचे मीलन होऊन पुन्हा नेचा उगवतो.' सगळ्यांनी उतरवून घेतलं. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही. फूल नाही, बी नाही, आणि लेक आईसारखी दिसतच नाही, आजीसारखी दिसते.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या विहिरीच्या कडेचं नेच्याचं पान घेऊन आले. मागं तपकिरी ठिपक्यांच्या ओळी होत्या. तुम्ही ते दोन बोटांत धरलंत.

"कीड लागलीय की ह्याला. वर्गात घाण कशाला आणलीस?"

पान खिडकीबाहेर गेलं. वर्ग हसला, आणि आपण विनोद केला असं वाटून तुम्हीही हसलात.

मग मी दुसरं पान आणून घरीच कागदावर ठेवलं. त्यातून गळलेली बीजाणूंची भुकटी ओल्या विटेवर टाकली, वर काचेचा ग्लास पालथा घातला. आई म्हणायची, "विटंला पाणी घालायलीस, येडी झालीस का?" पण ग्लास उचलून रोज तीच आधी बघायची. दोनेक महिन्यांनी विटेवर नखाएवढी, पातळ, हिरवी हृदयं उगवली. वीट ओढणीत गुंडाळून मी तुमच्या टेबलावर आणून ठेवली.

"शेवाळ हाय हे."

"सर, तुमीच सांगितलं होतं, हृदयाकृती..."

"मला शिकवायलीस? दहावीचं वर्ष हाय. गप पाठ कर."

न शिकलेल्या माणसाची मला कधी कीव आली नाही. माझी आई चौथीपर्यंत शिकलेली. पण ज्या गोष्टीचं वर्णन तुम्ही वर्षानुवर्षं पोरांकडून घोकून घेतलंत, ती नाकासमोर असताना तुम्हाला वाकून बघावंसंही वाटलं नाही. तुमच्याइतका पोकळ माणूस मी पुढं विद्यापीठातही पाहिला नाही, आणि तिथं ते कमी नव्हते.

हे पत्र आता कुठल्या टपालपेटीत टाकणार? शिवाय टाकता आलं असतं तरी टाकलं नसतं. तुम्ही 'शेवाळ' म्हणालात त्याच्या आठवड्यानं प्रात्यक्षिक परीक्षा झाली. तुमच्याकडंच राहिलेली माझी वीट तिसऱ्या टेबलावर होती, खाली चिठ्ठी, 'नमुना ओळखा'. तुम्ही शेजारी उभे होतात, पण माझ्याकडं बघतही नव्हतात. मी 'शेवाळ' लिहिलं. पूर्ण मार्क मिळाले. हे मी आईलाही सांगितलं नाही.