ईराचं धनुष्य

आल्मेरे, दसऱ्यानंतरचा रविवार

आज एकटाच गेलो. या देशात धनुष्यबाणाने शिकार करायला बंदी आहे, म्हणून पानं गळायला लागली की आमचा तिरंदाजी क्लब जंगलात नेम धरायला फोमची हरणं उभी करतो. गेल्या वर्षीपर्यंत माझी लेक ईरा सोबत असायची. बाण रुतला की ती हरणाच्या मानेवर हात दाबून धरायची आणि मी बाण उपसायचो. आज एका हाताने धरून दुसऱ्याने ओढायला गेलो, तर अख्खं हरीणच आडवं झालं. हसायला कोणी नव्हतं.

ईरा आता शिकायला ब्रेडाला असते. काल फोनवर म्हणाली, "बाबा, जस्ट गिव्ह माय बो टू द क्लब. समवन स्मॉल कॅन यूज इट." मी लगेच म्हणालो, "हो, देतो की." एवढी घाई कसली होती मला?

तिचं छोटं धनुष्य नेलंही होतं. क्लबचं सामान सांभाळणाऱ्या अँकेने ते हातात घेतलं आणि विचारलं, "हे लाल काय लागलंय?"

कुंकू. दसऱ्याला माझ्या धनुष्यासोबत त्याचीही पूजा केली होती, सवयीने.

तोंडातून निघून गेलं, "आमच्यात पूजा केलेलं शस्त्र वर्षभर कुणाला देत नाहीत." अँके बिचारी सॉरी म्हणाली आणि दोन्ही हातांनी परत दिलं.

असा काही नियम नाही. ईराला सांगितलं तर हसेल. की नाही हसणार?

धनुष्य पुन्हा तिच्या खोलीत टांगलंय. कुंकू पुसलेलं नाही. पुढच्या दसऱ्याला परत पूजा केली, की आणखी एक वर्ष मिळेल.