तुर्कमेनिस्तानचं आमंत्रण

४ ऑगस्ट
ठरलं. दिवाळीनंतर तुर्कमेनिस्तान. खालच्या मजल्यावरचा दिपेश तिसऱ्यांदा दुबईला गेला म्हणून नव्हे. दुबईला कोणीही जातं. इथे व्हिसाआधी तिथल्या सरकारने मंजूर केलेलं आमंत्रणपत्र लागतं. निवडक माणसांचा देश. बायकोलाही नेणार. मनोरमाला अजून विचारलं नाही. तिची हरकत नसतेच.

९ ऑगस्ट
शांती नगरच्या एजंटकडे, निकेतकडे गेलो. म्हणाला, काका, धंद्याच्या रकान्यात 'रिटायर्ड' लिहा, बस. म्हटलं, विमा कंपनीत होतो ते पोटासाठी. पेपरात वाचकांच्या पत्रव्यवहारात माझी अकरा पत्रं आलीत. लिहिलं : 'ज्येष्ठ पत्रकार व राजकीय विश्लेषक'. निकेतने दोनदा विचारलं, शुअर? इम्प्रेस झालेला दिसला. मनोरमाच्या फॉर्मवर मीच 'गृहिणी' लिहिलं.
सोसायटीच्या ग्रुपवर बातमी टाकली. दिपेशचा नुसता अंगठा.

२१ ऑगस्ट
पहाटे पाचला उठून रशियन शिकणार होतो. आठला उठलो. सोमवारपासून नक्की.

१९ सप्टेंबर
मनोरमाचं आमंत्रणपत्र आलं. माझं नाही. मोठ्या माणसाची फाइल वरपर्यंत जाते, वेळ लागणारच.

२६ सप्टेंबर
नामंजूर. कारण देत नाहीत म्हणे. निकेत म्हणाला, 'काका, पत्रकार लिखा ना आपने.' म्हणजे माझ्या लेखणीची धास्ती थेट त्यांच्या राजधानीपर्यंत, अश्गाबादपर्यंत!
घरी येऊन सांगितलं, ट्रिप कॅन्सल. मनोरमा कणीक मळत म्हणाली, निकेतच्या टूर ग्रुपमध्ये सहा बायका आहेत, मी जातेय. विचारलं नाही, सांगितलं.
उद्या समजावतो.

३ नोव्हेंबर
एअरपोर्टवर सोडून आलो. मागे वळून बघेल म्हणून पंधरा मिनिटं थांबलो. गर्दीत दिसलो नसेन.

६ नोव्हेंबर
फोटो आला. मागे संगमरवरी इमारती, पुढे मनोरमा, डोळ्यांवर गॉगल. गॉगल कधी घेतला?
आमटी करपली. भांडं सदोष.

१६ नोव्हेंबर
सोसायटीने मनोरमाला ट्रिपबद्दल बोलायला बोलावलं. खुर्च्या मी मांडल्या. ती म्हणाली, तिथे गाईडला विचारल्याशिवाय कुठे जाता येत नाही, फोटो कशाचा काढायचा तेही तोच सांगतो. शेजारच्या सुलूवहिनींनी विचारलं, मग जाच नाही वाटला? मनोरमा म्हणाली, छे गं, मला बत्तीस वर्षांची सवय आहे.
सगळे हसले. दिपेश सर्वांत जास्त. मीही हसलो.
घरी आल्यावर गणित केलं. लग्नाला बत्तीस वर्षं झाली.