दादांच्या गाडीचा जड क्लच

शिगेओ भावजींना आणि जाऊबाईंना,

कंबर वाकेल तेवढं वाकून किनुएवहिनीचा नमस्कार. उकाडा फार झालाय, झाडावरचे किडे पहाटेपासून किरकिरतात, तरी तुम्ही दोघं धडधाकट असाल असं धरून चालते. नवी कवळी बसली का? (तोंडात म्हणते मी. मागच्या खेपेला ती शेवयांच्या वाडग्यात पोहत होती.) जाऊबाईंचं आंबट उमे-प्लमचं लोणचं पोचलं. जीभ सोलून निघाली, म्हणजे त्यांच्याच हातचं, शंका नाही.

तुमचं पत्र वाचलं. दादांची गाडी विकून टाका, या वयात बाईमाणसानं घाटात असली गाडी हाकू नये, आणि नवा क्लच तुम्हाला दाबताच येत नाही असं गॅरेजवाला उदागावा म्हणतो, असं तुम्ही लिहिलंत. उदागावा खोटं बोलत नाही. मला तो दाबता येत नाही. पण गाडी विकायची नाही. का, ते सांगते. वाचताना जाऊबाईंना जवळ बसवून घ्या, एकटे वाचू नका.

तुमच्या दादांनी म्हातारपणी इंजिनाला मोठा टर्बो बसवला, हे तुम्हाला ठाऊकच आहे. (बाकीची माणसं त्या वयात कुंडीत झाडं लावतात.) इंजिनाला बळ आलं आणि क्लच राहिला जुनाच. चढाला पाय दिला की इंजिन नुसतं बोंबलायचं, गाडी पुढे म्हणून सरकायची नाही, आणि केस जळल्यासारखा वास सुटायचा. प्लेट घसरतेय, घट्ट पकडीची पाहिजे, म्हणून ह्यांनी नवा क्लच मागवला. खोकं आलं त्याच आठवड्यात हे गेले. मी ते खोकं तसंच ह्यांच्या फोटोपुढे ठेवलं आणि रोज भाताची वाटी ठेवत गेले. वर्षाच्या वर मी क्लचला जेवू घातलं म्हणा ना.

यंदा बर्फ वितळल्यावर गाडी उदागावाच्या गॅरेजात नेली. तो बिचारा आधीच म्हणाला की आजी, एवढं बळ धरून ठेवायचं तर स्प्रिंगा कडक लागतात, आणि स्प्रिंगा कडक झाल्या की पेडल जड होतं. बसवून झाल्यावर त्यानं स्वतः दाबून बघितलं, तर मानेच्या शिरा फुगल्या. मी दोन्ही पायांनी दाबलं. पेडल होतं तिथंच राहिलं, मीच सीटवरनं उभी राहिले.

तरी हट्टानं घाटात मी चालवायला बसले, तो शेजारी. निघताना त्यानं माझ्या गुडघ्यावर जोर देऊन क्लच दाबला. (विधवेच्या गुडघ्यावर, भर दुपारी. गावात सांगू नका, तो लाजतो.) वर धुकं उतरलेलं होतं. लाल लाळेरं बांधलेले वाटेवरचे दगडी जिझोदेव उभे आहेत त्या वळणाला मी पाय उचलला, तर पेडल आधीच खाली गेलेलं. अलगद. वर आलं, पुन्हा गेलं. दुसरा गिअर टाकण्याआधी क्लच दोनदा दाबायची सवय कोणाची, ते तुम्हाला मी काय सांगू. मी मुकाट्यानं गिअर टाकला. (ह्यांनी खोळंबायचं आणि मी हात चालवायचा, जन्मभर हेच केलंय.) पुढच्या वळणाला मी डावा पाय सरळ वर घेऊन सीटवर दुमडला.

उदागावानं ते बघितलं.

"आजी, तुमचा डावा पाय कुठाय?"

"आखडला, म्हणून वर घेतलाय."

"मग खाली कोण दाबतंय?"

"तू खाली बघू नकोस बाबा. त्यांना आवडायचं नाही."

ह्यांच्या थडग्याकडे जाणारा फाटा आला तेव्हा क्लच खाली गेला तो खालीच राहिला. इंजिन चाकांपासून सुटलं आणि गाडी उतारावरनं हळूच घरंगळत गेली, कुणाला चाहूल लागू न देता, शाळा चुकवलेलं पोरगं मास्तरांच्या दारावरनं जातं तशी. फाटा मागे पडल्यावर पेडल वर आलं. मला हसू आवरत नव्हतं भावजी. गॅरेजच्या दारात उतरल्यावर उदागावानं पहिल्यांदा स्वतःवर मीठ टाकलं, मयतावरनं आल्यावर टाकतात तसं, मग माझ्यावर. गाडीवर टाकायला निघाला तेव्हा मी त्याचा हात धरला. म्हटलं, पत्रा गंजेल. (गंजाचं मला काय पडलंय. मिठानं कोण निघून जातं ते तुम्हाला कळतंय.)

तेव्हापासून सकाळी शेडमध्ये गेलं की ड्रायव्हरची सीट मागे सरकलेली असते, लांब टांगांच्या माणसाला लागते तेवढी. मी पुढे ओढते. दुसऱ्या दिवशी परत मागे. भांडण जुनंच आहे, फक्त आता एकाच बाजूनं तोंड चालतं.

तुम्ही धाडलेलं ताकासाकी शहरातलं गिऱ्हाईकही येऊन गेलं. सुमो पैलवानासारखा गडी. दाबून दाबून तोंड लाल झालं, पेडल केसभर हललं नाही. अडकलंय म्हणाला आणि अनवाणी दाबून बघावं म्हणून पाय बाहेर काढून बूट उतरवला. मी खिडकीतनं हळूच म्हटलं, "अहो, पाहुणे आहेत. असं करू नये." पेडल सावकाश खाली गेलं. गडी त्याच्याकडे बघत राहिला, मग स्वतःच्या पायाकडे. चहा न घेताच गेला.

तेव्हा गाडीचा विषय इथेच मिटवा. ती गेली तर तेही जातील, आणि दुसऱ्यांदा विधवा व्हायची माझी तयारी नाही.

तुमची खोडकर वहिनी,
किनुए

ता. क. गिऱ्हाईकाचा एक बूट इथेच राहिलाय. त्याचा पत्ता कळवा.

आणखी ता. क. लिहायचं होतं ते हे. ओबोनला, पितरांच्या सणाला, नक्की या. दारात जाळ करून पितरांना बोलवा, त्यांना यायला काकडीचा घोडा करा, गार शेवया खा. गेल्या वर्षी त्यांना परत पाठवायच्या संध्याकाळी पाऊस होता, काटक्या भिजल्या, तुमची कंबर धरली, आणि निरोपाचा जाळ कोणी केलाच नाही. यंदाही त्या संध्याकाळी तुमची कंबर धरू द्या, एवढंच मागणं आहे. परत जायला त्यांना वांग्याची गाय लागते म्हणाल, तर परसात यंदा मी वांगी लावलीच नाहीत.