रामशेजच्या दाराला तोरण

मखमलाबाद, नाशिक

प्रिय योगिनी,

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी "हो ताई, बरं ताई" करून ठेवून देतेस. म्हणून हे पत्र. आजकाल पत्र कोण लिहितं, असं म्हणशील. म्हण बापडी. पत्र मध्येच कापता येत नाही, आणि तू एकदा वाचायला घेतलंस की शेवटपर्यंत वाचल्याशिवाय राहायची नाहीस, हे मी लहानपणापासून बघतेय. तिकडे देवळ्याला कांद्याची रोपं टाकून झाली असतील, तर ओट्यावर बस, चहा घे आणि निवांत वाच.

आधी बातमी. काल दसऱ्याला मी रामशेजच्या दाराला तोरण बांधलं. मी म्हणजे मीच, तुझी ताई. उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिलं, दिवा लावला, नारळ फोडला. आज पोटऱ्या अशा धरल्यात की जिना उतरताना "आई गं" निघतंय, पण सकाळपासून मी एकटीच हसतेय. शेजारणीनं दोनदा विचारलं, काय झालं म्हणून.

रामशेज तू पाहिलेला नाहीस. दिंडोरीच्या अंगाला आशेवाडी आहे, तिच्या डोक्यावर हा गड. तुमच्या बागलाणातला साल्हेर बघणाऱ्याला तो गड वाटायचाच नाही. साल्हेरच्या पायाशी बसेल एवढासा, बुटका, ना भोवती मोठं रान, ना खोल दऱ्या. औरंगजेबाच्या सरदारालाही तसंच वाटलं होतं म्हणे, सकाळी वेढा घालू आणि संध्याकाळी गड घेऊन टाकू. संभाजी महाराजांच्या वेळची गोष्ट. वरचे मावळे मूठभर, आणि हा गड पाच वर्षांच्या वर लढला. तोफा नव्हत्या तर लाकडाच्या केल्या आणि त्यावर कातडं चढवलं. खाली सरदार बदलत राहिले. त्यातल्या एकानं शेवटी मांत्रिक आणला. त्या मांत्रिकानं सोन्याचा नाग करवून घेतला, तो हातात धरून फौजेच्या पुढे निघाला, आणि वरून गोफणीचा धोंडा आला तो थेट छातीत. नाग एकीकडे, मांत्रिक एकीकडे. आपण ज्वारीवरची पाखरं हाकायचो तीच गोफण, दुसरं काही नाही. ही गोष्ट मी कितीदा ऐकली असेल, तरी दर वेळी मला बरं वाटतं.

या गोष्टी मला महेश सांगतो. महेश म्हणजे माझ्या दिराचा, गोरक्षभाऊंचा थोरला. सातपूरला कंपनीत आहे. रविवारी त्याच्या वयाची पोरं जमवून गडावर जातो, टाक्यांतला गाळ उपसतो, दारातलं गवत काढतो. दसऱ्याला ही मंडळी गडाच्या वरच्या दाराला झेंडूचं तोरण बांधतात आणि पाच सवाष्णींकडून उंबऱ्याची पूजा करतात. एरवी वर्षभर त्या दाराकडे कुणी बघत नाही, निदान सणाला तरी ते नटावं. फुलं अर्थात आपल्या मळ्यातली. तुझे दाजी होते तोवर ते हौसेनं स्वतः क्रेट भरून द्यायचे.

गेल्या वर्षी, दाजी गेल्यानंतरच्या पहिल्या दसऱ्याला, फुलं मीच तोडली आणि तोरण मीच ओवलं. मध्ये आंब्याचे टहाळे, कडेला भाताच्या लोंब्या, असं भरगच्च की दोघांनी धरून न्यावं लागलं. मीही त्यांच्याबरोबर निघाले. अर्ध्या वाटेवर रामाचं देऊळ आहे, तिथं गोरक्षभाऊ थांबले आणि खाली मान घालून म्हणाले, वहिनी, तुम्ही इथं बसा, वर सवाष्णींच्या हातची पूजा आहे. वाईट मनानं नाही म्हणाले. माणूस वाईट नाहीच, रीत म्हणून म्हणाले. आणि मी बसले गं. मीच ओवलेलं तोरण माझ्या समोरून वर गेलं. वरून जयजयकार ऐकू आला आणि मी देवळाच्या खांबाला टेकून रडले. माझी फुलं चालतात आणि मी चालत नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं. घरी आल्यावर कुणाला काही बोलले नाही. ते बसणं कसं असतं, हे तुला वेगळं सांगायला नको.

यंदा मी ठरवलंच होतं की देवळात बसायचं नाही. पण वर जाऊन तरी काय करायचं, हे काही ठरलेलं नव्हतं. भांडून पूजा करण्यात मला रस नव्हता. पण माझं नशीब बघ. महेशनं मळ्यातल्या पाच जणींना सांगून ठेवलं होतं, ग्रुपवर त्यांचे अंगठेही आले होते. आणि त्या बावळटाच्या लक्षातच आलं नाही की दसऱ्याच्या सकाळी आपल्या फुलवाल्यांची एकही बाई घरात नसते. सगळ्या पहाटेच पंचवटीत, झेंडूच्या ढिगामागे. कंपनीला सुट्टी म्हणजे जगाला सुट्टी, असं त्याला वाटलं. फुलं विकून वाढलेलं पोर, आणि दसरा विसरलं. सकाळी फोन लावत सुटला तर पलीकडून नुसती गिऱ्हाइकांची ओरड. मी मात्र मोकळी होते, कारण एकटीनं बाजारात बसणं होत नाही म्हणून यंदा मी सगळा माल शेतातच व्यापाऱ्याला देऊन टाकला होता.

तर वर गेलो आम्ही. पोरं, गोरक्षभाऊ, तोरण, आणि बाई म्हणून मी एकटी. देवळापाशी भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, पण मी चालतच राहिले. वरचं दार कातळात कोरलेलं आहे, पोरांनी ते धुऊन लख्ख केलं होतं. शिडी लावली, थाळी मांडली आणि सगळे एकमेकांकडे बघत उभे. भाऊंनी आशेवाडीत लंकाबाईंना निरोप धाडला होता. लंकाबाई म्हणजे गावातल्या मानाच्या सवाष्ण, पण गुडघ्यांनी अधू. त्या हळूहळू चढताहेत, असं कुणीतरी सांगितलं. ऊन चढायला लागलं, फुलं माना टाकायला लागली. थांबूया, भाऊ म्हणाले. पुन्हा म्हणाले, थांबूया.

मी थाळी उचलली. वहिनी, एवढाच शब्द त्यांच्या तोंडून निघाला. आणि योगिनी, मी ओरडले नाही, अगदी सरळ विचारलं. म्हटलं, भाऊ, शहाजीराजे गेल्यावर जिजाऊ दहा वर्षं होत्या ना? त्यांच्या शब्दावर गड चालत होते ना? मग रायगडावर लेकाचा राज्याभिषेक झाला, तेव्हा कुणी त्यांना म्हणालं होतं का, की तुम्ही खाली पाचाडलाच बसा? महेशनं पुढे होऊन शिडी घट्ट धरली. मी चढले, तोरणाचं एक टोक बांधलं, उतरले, शिडी सरकवून दुसरं बांधलं. मग उंबऱ्याशी बसून सावकाश पूजा केली. कुठंच घाई केली नाही. दार असं दिसत होतं की मला माझाच हेवा वाटला.

नारळ फोडून वळते, तर लंकाबाई पायऱ्यांच्या तोंडाशी. रुपयाएवढं कुंकू, हातभर हिरवा चुडा, धाप लागलेली. भाऊंचा चेहरा उतरला. लंकाबाईंनी दाराकडे पाहिलं, माझ्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं, आणि विचारलं, कोणी केलं हे? मी केलं, मी म्हणाले. आता काय ऐकायला मिळतंय, म्हणून मी पाय रोवून उभी. तर ती बाई म्हणते कशी, लय ब्येस केलं बाई, माझे गुडघे वाचले, आता मला कुंकू लाव. आणि कपाळ पुढे केलं तिनं. मी चिमटीत कुंकू घेतलं गं. दोन वर्षांत मी कुणाला कुंकू लावलं नव्हतं, कुणी लावू दिलंच नव्हतं. लावलं. मग तिनं त्याच थाळीतली हळद घेतली आणि न विचारता माझ्या कपाळाला लावली. पोरांनी असा जयजयकार केला की तो खाली आशेवाडीत ऐकू गेला असेल. गोरक्षभाऊ सगळ्यात शेवटी पुढे आले, आपट्याचं पान माझ्या हातावर ठेवलं आणि वाकून नमस्कार केला. वहिनी, पुढच्या वर्षीही तुम्हीच, असं म्हणाले. मी म्हटलं, गुडघे राहिले तर.

आता हे सगळं तुला का लिहिलं ते सांगते. परवा तुझ्या वैभवीचा फोन आला होता. ती म्हणाली, आईनं ठरवलंय, माझ्या लग्नात हळद मोठी काकू लावेल आणि आई मागच्या खोलीत बसेल. शेखरराव गेले त्याला वर्ष झालं, योगिनी. या वर्षात एकटीनं कांदा काढलास, विकलास, लेकीचं शिक्षण पुरं केलंस, तिच्यासाठी स्थळ बघितलंस. आणि आता तिच्या अंगाला हळद लावायची वेळ आली, तर तू मागच्या खोलीत? मी आदल्या दिवशीच झेंडू घेऊन येते आणि तुमच्या मांडवाचं तोरण आपण दोघी बांधू. कुणी काही बोललं तर त्याच्याशी मी बोलेन, त्याची काळजी तू करू नकोस. पहिली हळद तू लावायचीस. सावकाश लाव, घाई करू नकोस. वैभवीनं आणखी एक सांगितलंय. तुला कळू देऊ नको म्हणाली होती, पण मी सांगणार. ती म्हणाली, मावशी, आईनं हळद लावली नाही ना, तर मी पाटावर बसणारच नाही.

तुझीच, तुझ्या होकाराची वाट बघणारी,
छायाताई