जिवतीचा बोल्ट

प्रिय बाबा,

उद्या सकाळी नानाभाऊ गडचिरोलीहून त्यांची काळी मोटार न्यायला येणार आहेत. तुम्ही गेलात तेव्हा तिचं इंजिन आपल्या गॅरेजात उघडं पडलं होतं, आणि फ्लायव्हील भिंतीला टेकवून तुम्ही त्यावर पोतं टाकून ठेवलं होतं. ते फ्लायव्हील मी बसवलं. गाडी दाराबाहेर पडायच्या आधी ते कसं बसलं हे तुम्हाला कळायला हवं, म्हणून लिहिते आहे. फार थकले आहे, बाबा. पण हे न सांगता झोप लागणार नाही.

किती दिवस ते पोतं मी उचललंच नाही! झाडताना बाजूने झाडायची. क्रँकच्या टोकाला बसणारं ते जडशीळ चाक. तुम्ही म्हणायचे, "हे घरातल्या म्हाताऱ्यावानी असते. सोता काई करत नाई, पण बाकीच्याईले झटके बसू देत नाई." गमतीने म्हणायचे, पण हेच चाक पळत्या गाडीत सुटलं तर झाकण फोडून चालवणाऱ्याच्या पायाशी येतं, हेही तुम्हीच सांगितलं होतं. मला गंमत कमी आठवते. पाय जास्त आठवतात.

आणि या गाडीत नानाभाऊंची मुलगी सासरी जाणार आहे. अहेरीला. आलापल्लीच्या जंगलातून.

नानाभाऊ भेटायला आले तेव्हा हळूच म्हणाले होते, "पोरी, राग नको मानू. नागपूरच्या मेस्तरीले दाखवू का? तुह्या बाबाचा हात होता, ते गोष्ट वेगळी." मी म्हटलं, "नाई भाऊ, काम बाबानं घेतलं होतं." कुठून आलं एवढं बळ? 

शाळेत जायच्या आधी जिल्हा तुम्ही मला फ्लायव्हीलवरच शिकवलात, आठवतं? मधोमध चंद्रपूर, भोवती सहा बोल्ट. वर चिमूर, मग मूल, गोंडपिपरी, खाली बल्लारपूर, मग जिवती, वरोरा. पण कसायचं शेजारी शेजारी नाही, समोरासमोर. चिमूर कसलं की बल्लारपूर, मूल कसलं की जिवती, गोंडपिपरी कसलं की वरोरा. नाहीतर चाक एका अंगाला बसतं आणि डुलत फिरतं. शाळेत बाईंनी विचारलं, चिमूरनंतर कोणतं गाव? मी ठणकावून सांगितलं, बल्लारपूर! सगळा वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी तुम्ही शाळेत जाऊन बाईंना सांगून आलात, "पोरगी बरोबर हाय बाई, तुमचा नकाशा ढिला हाय."

पण मला कधी कसू दिलं नाहीत. कसायचे तुम्ही, आणि ओढून पाहायचे मी. आपल्या घरचा नियमच तो. पहिला हात कसतो, दुसरा हात तपासतो, आणि दुसऱ्या हातानेच बोल्टच्या डोक्यावर चुन्याचा ठिपका द्यायचा. मग बोल्टांखाली घातलेल्या पातळ पत्रीचे कान बोल्टच्या डोक्यावर वळवायचे, म्हणजे तो फिरत नाही. मी हट्ट केला की म्हणायचे, "कसणाऱ्याले आपला बोल्ट घट्टच दिसते. तू पाह्य."

पाहण्यातच माझं लहानपण गेलं, बाबा. दुसऱ्याच्या कामातला दोष शोधायला तुम्ही मला शिकवलंत. स्वतःच्या कामावर हात ठेवून "झालं" म्हणायला कोण शिकवणार होतं?

चुना तुमच्याच तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या डबीतला. खर्रा सोडतो म्हणून किती वेळा शब्द दिलात! सगळ्या गाड्यांचे आवाज ऐकणाऱ्या माणसाला स्वतःच्या तोंडातली ती गाठ कशी कळली नाही? की कळली होती, आणि आम्हाला सांगितलं नाही? हे मी भांडणासाठी विचारत नाही. भांडायला अंगात जोरच नाही.

तर गेल्या आठवड्यात मी पोतं काढलं. क्रँकचं तोंड रॉकेलने धुतलं, नखाने कडा चाचपल्या. चाकावर तुम्ही ठोकून ठेवली होती तशीच खूण क्रँकवरही सापडली. नवी पत्री घेतली, कारण एकदा वळलेला कान पुन्हा वळवायचा नाही. चेनपुलीने चाक उचललं, खुणेला खूण लावली, आणि गावांची नावं घेत बोल्ट कसले.

मग शंका आली. सगळे ढिले करून पुन्हा कसले. पुन्हा शंका, पुन्हा सगळे ढिले. तिसऱ्यांदा मूलपर्यंत आले होते, तोच कोपऱ्यावरच्या एसटीडीवाल्याने हाक मारली. नानाभाऊंचा फोन. "होईन न वं पोरी? नाई तर आजच सांग." होईल म्हटलं. परत आले, पाना उचलला, गोंडपिपरी कसलं, वरोरा कसलं आणि मटकन खाली बसले.

तपासणार कोण? एक मन म्हणालं, तीनदा कसलंय, वळव कान. आणि हात काही पुढे होईना.

माय चहा घेऊन आली. तुमच्या गॅरेजात कधी पाय न टाकणारी माय! "काऊन वं मंदे, काम झालं ना? मंग काऊन रडून राह्यली?"

"दुसरा हात नाई."

"मी का मेली?"

"तुले का समजते त्यातलं?"

"पाना ओढाले का समजा लागते? हातपंप ओढून ओढून हात झिजले माहे." तिने पदर खोचला, पाना चिमूरवर लावला आणि म्हणाली, "चिमूर." मग पाना खाली नेला. "बल्लारपूर." बाबा, तिला सगळी नावं पाठ होती! इतकी वर्षं भिंतीपलीकडे चुलीपाशी बसून तिने ऐकली होती. मूल घट्ट होतं. मग ती म्हणाली, "जिवती," आणि पाना तिच्या हाताबरोबर फिरत गेला.

"हे तं फिरून राह्यलं वं."

 फोन आला तेव्हा मी मूलला होते. परत आले ती थेट गोंडपिपरीला. जिवतीला पोचलेच नव्हते. ती नवरी, तो जंगलातला रस्ता, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

माय माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबावानी मुद्दाम ठेवला का?"

मला आधी कळलंच नाही. मग तिने सांगितलं. लहानपणी एकदा मला मूल ढिलं सापडलं होतं, आणि तुम्ही कौतुकाने साऱ्या गल्लीत सांगत फिरला होता. ते तुम्ही मुद्दाम ठेवलं होतं! "सकाळीच मले म्हणाले, पोरगी खरंच ओढते का नुसताच हात लावते, पाहतो आज."

काय केलंत हे, बाबा? त्या एका ढिल्या बोल्टापायी मी आजही दाराची कडी दोनदा पाहते, गॅस तीनदा पाहते. मला वाटायचं, तुमच्यासारख्याचा बोल्ट ढिला राहतो, तर माझं काय! एकदा तरी सांगायचं होतं. मी रागावले असते, पण सुटले असते.

माय हसत होती. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच. मीही हसले, मग रडले, मग जिवती कसली. मायने पुन्हा ओढून पाहिली, मग गोंडपिपरी आणि वरोराही. डबीतला चुना सुकून खडा झाला होता. डबी तिने फेकली नव्हती. पाण्याचा थेंब टाकून तिने चुना कालवला आणि सहाही डोक्यांवर ठिपके दिले. मग मी कान वळवले.

काल इंजिन चालू केलं. तुमच्यासारखाच पाण्याचा पेला मडगार्डवर ठेवला. पाणी नुसतं शहारलं, सांडलं नाही.

बाबा, शब्द देते. यापुढे कसणारी मी असेन, आणि दुसरा हात लागल्याशिवाय आपल्या गॅरेजातला एकही कान वळणार नाही. स्वतःची कितीही खात्री असली तरी. आणि कधी कुणाला हे काम शिकवायची वेळ आली, तर त्याची परीक्षा घ्यायला मी बोल्ट मुद्दाम ढिला ठेवणार नाही.

आपोआप राहतातच की, बाबा.

तुमची,
मंदा